थंड पाण्यात धुतलेला कोट

घडीताईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. एकवीस वर्षं त्याच वेळेला उठणाऱ्या माणसाला गजर कशाला हवा? चार वाजून दहा मिनिटांनी ती दाराबाहेर, पाचला पाच कमी असताना इस्पितळाच्या मागच्या फाटकात, आणि पाचाच्या ठोक्याला धुलाईखात्यातल्या इस्त्रीच्या रोलरपाशी.

रोलर म्हणजे माणसाहून लांब, वाफेने तापलेला लोखंडी दंडगोल. त्याच्यापुढे दोघी लागतात. एकीने डावं टोक धरायचं, दुसरीने उजवं. चादर एकदा झटकायची, काठ ताणून सरळ करायचा आणि दोघींनी एकाच वेळी आत सोडायचा. एकीचा हात आधी सुटला की चादर तिरकी जाते, तिरकी गेली की सुरकुतते, आणि ती सुरकुती कुणातरी आजारी माणसाच्या पाठीला टोचते. ओली चादर दीड किलोची. एका पाळीत आठशे चादरी. ज्याला हे काम हलकं वाटतं त्याने शंभर घालून दाखवाव्यात, मग बोलावं.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. तिने घातलेली घडी एका टोकाला धरून झटकली की चादर पलंगभर पसरते, असं वॉर्डातल्या नर्सा म्हणायच्या, त्यावरून घडीताई. दुसरी ख्याती डागांची. शाई, औषध, गंज, रक्त, काहीही असो, बोचकं तिच्याकडे यायचं. रक्ताला थंड पाणी, गरम कधीही नाही; गरम पाण्यात रक्त शिजतं आणि धाग्यात बसतं. हे ती नव्या बायकांना पहिल्या दिवशी सांगायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची.

घरी दोघीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. उरल्या ती आणि सासू. सासूचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

ते घडलं तेव्हा घडीताई गोदामांमागच्या गल्लीत होती. इस्पितळ दहा मिनिटांवर. मागून पावलं आली आणि हातातल्या पिशवीला हिसका बसला. दुसरं कुणी असतं तर पिशवी सोडून दिली असती. पण समोरचा ओढायला लागला की आपलं टोक ताणून धरायचं, हे तिच्या हातात इतकं भिनलं होतं की डोक्याला विचारायला सवडच झाली नाही. तिने ताणून धरलं. त्या माणसाने तिला भिंतीवर आपटलं. उजव्या मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. ती त्याच्या हाताला कडकडून चावली. त्याने शिवी दिली, पिशवी ओढून घेतली आणि पळाला. तीन चादरी रोलरमध्ये जायला लागतात तेवढा वेळ, जास्त नाही. पिशवीत जेवणाचा डबा होता आणि घराच्या किल्ल्या होत्या.

ती घरी परतली नाही. कामाला निघालेलं माणूस कामालाच जातं. धुलाईखात्यात आल्यावर दिव्याच्या उजेडात तिला दिसलं, की कामाच्या करड्या कोटाच्या बाहीवर रक्त आहे. थोडं तिचं, बरंचसं त्याचं. तिने कोट उतरवला आणि डाव्या हाताने थंड पाण्याच्या टाकीत बुडवला.

रोलरवर उजवं टोक धरणारी तिची जोडीदारीण तेव्हा वाफ सोडत होती. तिने मनगट पाहिलं आणि धावत आली.

"ताई, अगं हात बघ तुझा. सुजून उशी झालाय."

"बघते. आधी डाग."

"डाग गेला उडत."

"वाळला की उडत नाही. मीठ दे इकडे."

मीठ चोळून, दोन पाणी बदलून, साबण लावून, पुन्हा दोन पाणी. डाव्या हाताने वेळ लागला, पण बाही स्वच्छ निघाली. तुटलेलं बटण जोडीदारणीकडून लावून घेतलं, कोटाला तिच्याच हातून इस्त्री करवली. त्यानंतर घडीताई पुढच्या इमारतीत प्लास्टर घालून घ्यायला गेली. तिथे बाकावर दोन तास बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. हवालदार माणूस बरा होता. खुर्ची दिली, सावकाश लिहून घेतलं. मधेच त्याचं पेन थांबलं.

"चावलात म्हणता. रक्त आलं त्याला?"

"आलं."

"तुमच्या कपड्यांवर पडलं?"

"कोटाच्या बाहीवर."

"कोट आणलाय?"

तिने कोट टेबलावर ठेवला. चौकोनी घडी, कॉलर वर. हवालदाराने घडी मोडली, बाही खिडकीकडे धरली, उलटी करून पाहिली.

"कुठे पडलं होतं?"

"इथे. या शिवणीपाशी."

"इथे तर काहीच नाही."

"राहील कसं? मी धुतलाय," ती म्हणाली. म्हणताना आवाजात थोडी ऐट होती. समोरचा चेहरा पाहिल्यावर ती ऐट गेली.

"बाई, त्या रक्तावरून माणूस सापडला असता," हवालदार म्हणाला. "तुम्ही पुरावाच धुऊन काढलात."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला राग धरता आला असता. त्याने तक्रारीची प्रत दिली आणि वर एक कागद दिला. प्रतीची प्रत, तिचीही प्रत काढलेला, अक्षरं पुसट. गुन्ह्यात भरडल्या गेलेल्या माणसांना मदत करणाऱ्या सात ठिकाणांची नावं त्यावर होती. "इथे विचारा," तो म्हणाला. "कुणीतरी भेटेल."

तिने तो कागद घडी करून कपाटात ठेवला. मदत ज्याची केस आहे त्याला. आपली केस आपणच पिळून वाळत घातली, असा तिचा हिशोब होता.

धुलाईखात्याचा मुकादम त्याच आठवड्यात तिच्याशी बोलला. "घडीताई, प्लास्टर सहा आठवडे आहे. तोवर दुपारच्या पाळीत या, मळका कपडा निवडा, एका हाताने होतो. रोलरवर बदली बाई ठेवतो. सातव्या आठवड्याच्या सोमवारी पहाटे मात्र तुम्ही मला इथे दिसायला हव्यात. नाही दिसलात तर जागा तिची. वॉर्डांना आठला चादरी लागतात. चादरी कुणासाठी थांबत नाहीत."

वाईट बोलला नाही. खरं बोलला. आणि घडीताईला तेव्हा वाटत होतं की प्रश्न फक्त मनगटाचा आहे.

तिसऱ्या आठवड्यात तिने सराव म्हणून पहाटेचं उठून पाहिलं. आवरलं, नवी पिशवी घेतली, चार वाजून दहा मिनिटांनी दाराशी गेली. हात कडीवर ठेवला. हात उचलेना. प्लास्टरमधला हात नव्हे, धडधाकट असलेला. दाराच्या पलीकडे जिना, जिन्याखाली रस्ता, आणि त्या माणसाच्या खिशात या घराच्या किल्ल्या. ती उजाडेपर्यंत तशीच उभी राहिली. मग खुर्ची ओढून दाराला लावली, जी ती रोज लावत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुपारी उन्हात कामाला जायला काही वाटत नसे. अंधारात कडी निघत नसे. अंधारात कडी निघाली नाही तर पहाटेची पाळी नाही, आणि पाळी नाही तर रोलर नाही.

चौथ्या दिवशी पलंगावरून सासूचा आवाज आला. "अगं, दार आत उघडतं की बाहेर, विसरलीस का?"

"झोपा आई."

"झोपते. पण त्या कडीकडे तू अशी बघतेस, जशी मी तुझ्या लग्नात तुझ्याकडे बघत होते. बिचारीने काही केलेलं नव्हतं."

घडीताईला हसू आलं आणि हसताहसता ती खाली बसली. मग तिने सासूला कडीचं सगळं सांगितलं. मुकादमाचंही सांगितलं.

"आणि पोलिसाने दिलेला कागद? तो काय पुडी बांधायला?"

"आई, ते ज्यांच्याकडे पुरावा आहे त्यांच्यासाठी. मी माझा धुतला."

"माझा मुलगा जन्मभर कळकट कॉलर घेऊन हिंडला असता," सासू म्हणाली. "तू आलीस म्हणून माणसात आला. डाग काढणं हा गुन्हा असेल तर मी साक्षीला येते, मला उचलून न्या म्हणावं. तू आधी जाऊन विचार तरी. नाही म्हणाले तर नाही. पाय तर मोडलेला नाही ना?"

पाय मोडलेला नव्हता. दुपारच्या पाळीमुळे सकाळ मोकळी होती. घडीताईने कागद काढला आणि वरून एकेक ठिकाण धरलं. त्याआधी तिने शेवटची ओळ खोडली. ती ओळ तिच्याच इस्पितळाच्या सामाजिक विभागाची होती. सामाजिक विभाग गरीब पेशंटना औषधं मिळवून देतो, एवढं तिला ऐकून माहीत होतं. ती पेशंट नव्हती. कामगार होती, मागच्या फाटकातून येणारी.

पहिल्या ठिकाणचा फोन लागेना, म्हणून ती दोन बस बदलून गेली. तिथे चपलांचं दुकान होतं. दुकानदाराने तिच्या हातातला कागद पाहूनच ओळखलं. "या महिन्यात तुम्ही चौथ्या. बसा, पाणी घ्या."

"ती संस्था कुठे गेली?"

"भाडं वाढलं तशी गेली. कुठे ते ठाऊक नाही. मी मालक नाही हो, मीही भाडेकरूच आहे." ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "हे कागद वाटतं कोण, त्याला जरा सांगा."

दुसरं ठिकाण फक्त अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी होतं. तिसरं न्यायालयाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे भरपाईचा अर्ज मिळाला. कारकुनाने विचारलं, आरोपीचं नाव काय? ती म्हणाली, ते माहीत असतं तर मीच आणून बसवला असता. कारकून हसला आणि म्हणाला, मोकळं सोडा, तक्रारीची प्रत जोडा, सहा-आठ महिने लागतात. चौथं ठिकाण म्हणजे नुसता फोन होता. पलीकडचा आवाज मायेचा होता, हवं तेवढं बोला म्हणाला. दोन मिनिटांनी घडीताईला वाटलं, आपल्यामुळे दुसऱ्या कुणाचा फोन अडत असेल. तिने आभार मानून ठेवून दिला. पाचव्या ठिकाणी वकील फुकट सल्ला देत, फक्त शनिवारी. शनिवारी गेली तर कुलूप.

प्रत्येक खिडकीपाशी तिचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: "माझ्याकडे पुरावा नाही. मीच धुतला." समोरच्याला यावर काय बोलावं ते कळत नसे. तिला तो नकार वाटायचा.

या सगळ्यात दोन आठवडे गेले. चालणं, बस, जिने, रांगा. आठशे चादरींनी पाठ दुखते, पण संध्याकाळी समोर आठशे चादरी दिसतात. या कामाचं तसं नव्हतं.

सहावं ठिकाण एका जुन्या इमारतीत, एका निवृत्त मास्तरांची एक खोली. मास्तर अर्ज लिहून द्यायचे, त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं आणि ते त्यांनी लगेच सांगितलं. मग चष्मा कपाळावर चढवून तिचा कागद पाहिला.

"ही शेवटची ओळ कुणी खोडली?"

"मी. ते आमचंच इस्पितळ. तिथे पेशंटचं बघतात. मी कामाला आहे."

"हे प्लास्टर कुठे घातलंत?"

"तिथेच."

"मग त्या दिवशी पेशंट होतात की." मास्तरांनी कागद तिच्याकडे सरकवला. "अहो बाई, याच कामासाठी रोज उघडी असणारी सगळ्या गावात एकच खोली आहे, आणि तुम्ही नेमकी तीच खोडलीत."

दुसऱ्या दिवशी घडीताई पुढच्या दाराने इस्पितळात शिरली. तळमजला, ड्रेसिंगच्या खोल्या ओलांडून, जिन्याशेजारी. सामाजिक विभागाच्या चार खोल्यांतली शेवटची, सतरा नंबरची. दार उघडं होतं आणि दाराला हिरवा पडदा होता. पडदा पाहून ती जागच्या जागी थांबली. कोपऱ्यात लाल दोऱ्याने खूण होती: त १७, म्हणजे तळमजला, खोली सतरा. हा पडदा वर्षातून दोनदा तिच्या हाताखालून जायचा, अकरा वर्षं. ही एखादी अडगळीची खोली असेल असं तिने धरून चाललं होतं. अडगळीच्या खोलीला पडदा कशाला, हे कधी मनात आलं नव्हतं.

आत चाळिशीची एक बाई कागद लावत बसली होती. समुपदेशक, असं टेबलावरच्या पट्टीवर होतं. "या," ती म्हणाली.

"पडदा उलटा लावलाय," घडीताई म्हणाली.

बाईने पडद्याकडे पाहिलं. "असेल. मला दोन्हीकडून सारखाच दिसतो."

"शिवण बाहेर आलीय." मग तिला आपण कशासाठी आलो ते आठवलं. "माझ्याकडे पुरावा नाही. मीच धुतला."

"बसा. पुरावा पोलिसांना लागतो, मला लागत नाही. काय धुतलंत?"

"कोट. रक्त होतं."

"कशाने?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "थंड पाणी. मीठ. मग साबण."

"इथे येणारी बहुतेक माणसं काही ना काही धुतात," समुपदेशक बाई म्हणाली. "कुणी कपडे, कुणी जिना, कुणी तासन्‌तास आंघोळ करतं. पुराव्याचं तेव्हा कुणाला सुचत नाही, आणि ती चूक त्यांची धरत नाहीत. त्यांच्याइतकंच तुम्हीही केलंत. जरा जास्त स्वच्छ केलंत, एवढंच."

घडीताईने तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी रडू आलं. बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबली. कागद लावले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. एकवीस वर्षांत घडीताई त्या आवारात काम न करता इतका वेळ बसली नव्हती.

शेवटी बाईने विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवं आहे?"

"माझी जागा. रोलरचं डावं टोक. दीड आठवड्यावर आलेल्या सोमवारी पहाटे मी तिथे दिसायला हवी." तिने कडीचं सांगितलं.

बाईने आधी कुलपाचं केलं. विभागाकडे त्यासाठी थोडी तरतूद होती. त्याच संध्याकाळी कुलूपवाला आला आणि दाराचं कुलूप बदलून गेला. सासूने पलंगावरून सातदा लावायला आणि काढायला लावलं. मग म्हणाली, "आता ती खुर्ची मला दे. दाराला लावलीस तेव्हापासून पाय ठेवायला काही नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला कंडक्टरबाई आली. बसवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेली, पासष्टीची, ऐसपैस, हातात बॅटरी. समुपदेशक बाईकडे अशी चार-पाच माणसं होती. ज्याचं पाऊल अडलंय त्याच्याबरोबर चालायचं, एवढंच त्यांचं काम. ती आत आली नाही. बाहेरून म्हणाली, "मी इथे उभी आहे. घाई नाही. कंडक्टर घंटी देत नाही तोवर बस सुटत नाही."

घडीताईचा हात कडीवर. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली.

"तिकीट काढलं का तिने?" आतून सासू.

"पास आहे त्यांचा," बाहेरून कंडक्टरबाई.

कडी निघाली. त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी जिना उतरून खाली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, शेजारीशेजारी. चौथ्या दिवशी गोदामांची गल्ली. त्या भिंतीपाशी पत्र्यावरून मांजराने उडी मारली आणि घडीताई वळून अशी धावली की कंडक्टरबाईवर आदळली. पुढचे दोन दिवस कडी पुन्हा निघाली नाही.

कंडक्टरबाई दोन्ही दिवस आली. दोन्ही दिवस अर्धा तास उभी राहिली. "आज गाडी बिघडलीय," म्हणाली, "उद्या बघू." एवढ्या वयात पहाटे चारला उठून, जिना चढून, बंद दाराशी अर्धा तास उभं राहायचं आणि परत जायचं. घडीताईला मेहनतीची पारख होती. तिसऱ्या दिवशी तिने कडी काढली ती निम्मी त्या मेहनतीच्या भिडेपोटी.

मग कंडक्टरबाई दहा पावलं मागे चालू लागली, मग वीस. घडीताई अडखळली की मागून आवाज यायचा, "पुढे चला, पुढे जागा आहे." प्लास्टर निघालं. रविवारी कंडक्टरबाई गल्लीच्या तोंडाशीच बॅटरी लावून उभी राहिली आणि घडीताई पूर्ण गल्ली एकटी चालून गेली. घामाने भिजली, पण गेली.

सोमवारी ती पाचाच्या ठोक्याला रोलरपाशी होती. जोडीदारणीने उजवं टोक उचललं आणि म्हणाली, "ताई, बदली बाई तिरक्या चादरी घालायची. मी काही बोलले नाही. तू येईपर्यंत जपून ठेवलेत शब्द, आता ऐक." आणि ती ऐकवत राहिली. तीनशे चादरींनंतर घडीताईची बोटं उघडेनात. मनगट थरथरत होतं. मुकादम लांबून बघत होता. तो आला, त्याने बदली बाईला हाक मारली, आणि घडीताईचा चेहरा उतरलेला पाहून म्हणाला, "उद्या चारशे." शनिवारपर्यंत सातशे झाल्या. पुढच्या गुरुवारी आठशे.

कंडक्टरबाईने त्यानंतर निरोप घेतला. एका दुकानवालीचं दार उघडत नव्हतं, तिला तिकडे जायचं होतं. चोर सापडला नाही. भरपाईचा कागद अजून यायचा होता. घडीताई गल्लीत समोरच्या कडेने चालू लागली आणि पिशवी सैल धरू लागली. कुणी ओढलीच तर द्यायची, असं तिने हाताला रोज बजावून ठेवलं. भीती गेली नव्हती. ती बरोबर चालायची, एवढंच.

महिन्याने मनगट दाखवायला ती प्लास्टरच्या खोलीत गेली. बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर वजनाचा तक्ता होता आणि हात कसे धुवावेत त्याची चित्रं. शेजारी डोळा काळानिळा झालेली एक तरुण मुलगी ती चित्रं बघत होती. बघायला दुसरं काही नव्हतं. घडीताईने तिला खोलीचा नंबर सांगितला, रस्ता दाखवला. मग हिशोब केला: मी त्या दिवशी याच बाकावर दोन तास होते, आणि ती खोली इथून साठ पावलांवर आहे. साठ पावलांना मला पाच आठवडे लागले.

तिने सतरा नंबरला जाऊन विचारलं, पाटी का नाही? समुपदेशक बाईने मागणीचे कागद दाखवले. तीन वर्षांचे होते. प्लास्टरच्या खोलीच्या मोठ्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, "घडीताई, ही भिंत माझ्या ताब्यात आहे. तुम्ही पाटी आणा, मी लावू देते."

पाट्या रंगवणारा मोठ्या रस्त्यावर बसायचा. त्याने वही काढली. "वर काय? गुन्हे-पीडित सहाय्य कक्ष?"

"तसं नको. तसं लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. लिहा: कुणी मारलं, लुटलं किंवा छळलं असेल तर खोली सतरा. याच मजल्यावर, जिन्याशेजारी. रोज. बरोबर काही आणावं लागत नाही. इथे काम करणाऱ्यांनीही यावं."

"एवढं लिहायचं तर अक्षर बारीक करावं लागेल."

"अक्षर मोठंच. पाटी मोठी करा."

"पैसे वाढतील."

"वाढू देत."

"तीन हातांवरून तर वाचायची ना? मग कशाला एवढं मोठं?"

"डोळ्यांत पाणी असलं की तीन हात लांब असतात," ती म्हणाली. "आणि माणूस बसलेला असतो. फार वर लावायची नाही, त्या मापाने करा."

रंगाऱ्याने कडेला वेलबुट्टी काढू का विचारलं. ती नको म्हणाली. खाली देणाऱ्याचं नाव घालू का विचारलं. तेही नको म्हणाली. मोकळी जागा राहील, तो म्हणाला. ती म्हणाली, तिथे बाण काढा.

पहाटेच्या पाळीचा तो पहिला पूर्ण पगार. घरभाडं गेलं, सासूच्या गुडघ्यांचं औषध गेलं, आणि उरला तो पाटीत गेला: पत्रा, दोन रंग, चार स्क्रू. स्क्रू तिने पाळी संपल्यावर स्वतः पिळले, मोठी नर्स पाटी धरून उभी होती. तिसरा तिरका गेला. तो काढून पुन्हा सरळ बसवला.